आधी गेमची यादी दाखव

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, छाटणीची गडबड बाजूला ठेवून, मुलाला घेऊन सांगलीतल्या माझ्या संगणकाच्या दुकानात आले. स्कूटरवर पायापाशी चादरीत गुंडाळलेला टॉवर होता. तो काउंटरवर ठेवला आणि बसायच्या आधीच विचारलं, "दादा, पोरगं म्हणतंय मशीन बाद झालं. खरं का?"

पोरगं अकरावीतलं. ते काही बोलेना. मोबाइल पुढे केला, त्यात फोटो होता: हा संगणक विंडोज ११साठी पात्र नाही, असं सांगणारा स्क्रीन.

बाद हा शब्द मी सहजासहजी तोंडात येऊ देत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून एकतीस मशीनं बाहेर काढली. बोर्ड आधी साध्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले आणि आठवडाभर पंख्याखाली वाळवले. त्यातली बारा सुरू झाली. दोन तर अजून गिऱ्हाइकांकडे चालतात. चिखलातून उठलेलं मशीन एकदा पाहिलं, की धडधाकट मशीनला नुसत्या कागदावरच्या अटीवरून बाद म्हणवत नाही.

टॉवर उघडला. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची एसएसडी आणि एक टीबीची हार्डडिस्क. कार्ड मायनिंगमधून, म्हणजे आभासी चलन कमवायला राबवून आलेलं, हे त्याच्या पंख्यांवरूनच कळलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग संपवलं आणि त्यानंतर असली कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. पंखे आणि पेस्ट बदलली की बरीचशी अजून उत्तम चालतात. थोडक्यात, धूळ सोडली तर या मशीनमध्ये काही खोट नव्हती. पण विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणजे हे दोघे आले त्याच आठवड्यात. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेता येतात, पण तेवढंच.

अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं. पेनड्राइव्ह बनवतानाच ती तपासणी काढून टाकायची सोय आहे आणि बऱ्याच ठिकाणी तसं करून देतातही. मी देत नाही. उद्या एखादं मोठं अपडेट अडलं तर गिऱ्हाईक माझ्याकडे येणार आणि माझ्याकडे उत्तर नसणार. शिवाय विंडोज ११वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे ज्या गेमसाठी आटापिटा करायचा, नेमका तोच दारात अडतो.

उरला रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या, सगळ्यांना खुल्या सिस्टिमचा. मी मुलाला वही दिली आणि म्हटलं, "आधी गेमची यादी लिहून दाखव. कुठलाही लपवू नकोस."

ही वही माझ्याकडे दोनेक वर्षांपासून आहे. लिनक्सवर गेम चालतात का, असं लोक विचारतात तेव्हा मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तुझे गेम चालतात का, याचं देता येतं. त्याने आठ नावं लिहिली: काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, रेड डेड रिडेम्प्शन २, विचर ३, हेडीस, माइनक्राफ्ट आणि शेवटी, धाकट्या बहिणीसाठी, स्टारड्यू व्हॅली.

मी पेन्सिलीने खुणा केल्या. काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आणि स्टारड्यू व्हॅली हे तीन मुळातच लिनक्ससाठी बनलेले मिळतात. रेड डेड, विचर आणि हेडीस विंडोजचे, पण चालतात. जीटीएमध्ये गोष्ट खेळता येते, ऑनलाइन नाही. व्हॅलोरंट नाहीच. आठपैकी साडेसहा.

"म्हणजे मार्क चांगले आहेत की," वडील म्हणाले. मुलाचा चेहरा मात्र त्या दीड मार्कावर अडकलेला होता. त्याच्या वयाचा असतो तर माझाही अडकला असता.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा, हे वडिलांनीच विचारलं. त्यांना मी दुभाष्याचं उदाहरण दिलं. नाशिकच्या बाजारात तमिळ व्यापारी आला तर मध्ये एक दोन्ही भाषा जाणणारा माणूस बसतो, तसं. गेम विंडोजच्या भाषेत म्हणतो, ही फाईल उघड, हा आवाज वाजव. मधला दुभाष्या ते जसंच्या तसं लिनक्सला सांगतो. या दुभाष्याचं नाव वाइन. तो १९९३पासून तयार होतोय आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं लोकांनी हे काम धरून ठेवलं, बरंचसं फुकट. प्रोसेसर तोच असतो, त्यामुळे वाइनला अख्खं विंडोज मशीन उभं करावं लागत नाही. वेगात मोठी घट होत नाही ती म्हणूनच.

पण गेमची खरी अडचण चित्राची होती. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्टएक्स वापरतात आणि ती चीज लिनक्सवर नाही. २०१६मध्ये व्हल्कन नावाची नवी, सगळ्यांना खुली पद्धत आली. त्यानंतर फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रामरला एक गेम लिनक्सवर खेळायचा होता, निअर ऑटोमाटा. तो चालेना, म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. एका माणसाच्या एका गेमच्या हट्टातून आज हजारो गेम चालतात, ही गोष्ट मी प्रत्येक पोराला सांगतो. पुढे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यालाच कामावर घेतलं आणि २१ ऑगस्ट २०१८ला वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन बाहेर काढला. डायरेक्टएक्स १२साठी तसाच वेगळा भाग आहे. स्टीममध्ये फक्त इन्स्टॉल दाबायचं, प्रोटॉन मागे आपोआप लागतो.

व्हॉल्व्हला हे का करावंसं वाटलं, तेही सांगण्यासारखं आहे. २०१२मध्ये विंडोज ८ आलं, सोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप दुकान आलं. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलेल्या माणसाला घरमालकाने शेजारीच स्वतःचं दुकान टाकल्यावर जसं वाटेल, तसं व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांना वाटलं असावं. मी भाड्याच्या गाळ्यात एकोणीस वर्षं काढली आहेत, मला ती भीती समजते. फेब्रुवारी २०१३ला स्टीम लिनक्सवर आलं. नोव्हेंबर २०१५मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशीनं आली आणि पडली. कारण साधं होतं. गेम बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपला गेम लिनक्ससाठी वेगळा बनवून द्यावा, अशी ती अपेक्षा होती. गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. प्रोटॉनने ती अपेक्षाच काढून टाकली. कंपनीने काही करायला नको, दुभाषी आमचा. माझ्या मते लिनक्स गेमिंगच्या सगळ्या इतिहासात हा एवढा एकच निर्णय निर्णायक आहे. बाकीचं त्याच्या मागून आलं, २०२२च्या फेब्रुवारीत आलेला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हॉल्व्हचं मशीनसुद्धा. त्याच आठवड्यात एल्डन रिंग हा गेम आला, तेव्हा तो विंडोजवर अनेकांकडे अडखळत होता आणि व्हॉल्व्हच्या लोकांनी दुभाष्यात सुधारणा करून डेकवर तो अडखळणं कमी केलं होतं. हे वाचलं त्या रात्री मी घरच्या मशीनवर पहिल्यांदा मनापासून लिनक्स टाकलं.

तर तासगावचं मशीन. मी त्यात बझाइट टाकलं, मिंट नाही. दोन्ही लिनक्सचीच रूपं. ऑफिसच्या, शाळेच्या मशीनला मी मिंटच टाकतो, ते साधं आहे आणि म्हाताऱ्या माणसालाही कळतं. पण बझाइट फेडोरा नावाच्या लिनक्सवर उभं आहे आणि गेमसाठीच बांधलेलं आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या गावांसाठी सोन्यासारखी आहे. त्याचं अपडेट चालू सिस्टिमला हात लावत नाही. बाजूला नवी पूर्ण प्रत तयार होते आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरच ती लागू होते. मध्येच लाईट गेली तर जुनी प्रत जशीच्या तशी उभी असते. नवी बिघडली तर सुरू होताना मागची निवडता येते. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि मशीन उठेना, म्हणून माझ्याकडे आलेली मशीनं मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. त्या पोराच्या वस्तीवर रात्री शेतीपंपाची लाईट येते तेव्हा घरचा दाब इतका पडतो की ट्यूब मिणमिणते.

ग्राफिक्स ड्रायव्हर टाकावाच लागला नाही. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि मेसा या सोबतच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येच असतो, मशीन सुरू झालं की कार्ड ओळखलं जातं. एनव्हिडियावाल्यांना थोडी जास्त दगदग आहे. ती गेल्या तीन-चार वर्षांत खूप कमी झाली, पण डायरेक्टएक्स १२च्या गेममध्ये एनव्हिडियाचं कार्ड विंडोजपेक्षा मागे पडताना मी स्वतः पाहिलंय. आणि एनव्हिडियाची जुनी जीटी ७१०, जीटी ७३० कार्डं घेऊन येणाऱ्यांना मी लिनक्सवर गेमचं नावच काढू नका म्हणतो. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या पिढीला व्हल्कन १.३ लागतं आणि त्या कार्डांना ते जमत नाही. आपल्याकडे अजून ढीगभर घरांत हीच कार्डं आहेत. लिनक्स जुन्या मशीनला जीवदान देतं हे खरं, पण ते कुठवर जुन्या, हे सांगितलं नाही तर ती फसवणूक होते.

एक चूक मात्र माझी झाली आणि ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. पोराच्या एक टीबीच्या डिस्कवर आधीचे गेम होते. डाऊनलोड वाचेल म्हणून ती डिस्क मी एनटीएफएस या फाईली साठवायच्या विंडोजच्याच पद्धतीत ठेवली आणि स्टीमला तीच दाखवली. रेड डेड काही केल्या उघडेना. प्ले दाबलं की दोन सेकंद थांबून परत तिथेच. संध्याकाळ गेली. मग ध्यानात आलं: प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतो आणि त्यात सी आणि कोलन अशा नावाचा दुवा तयार करतो. विंडोजच्या नियमात फाईलच्या नावात कोलन चालत नाही. लिनक्स तो लिहायला जातं आणि सगळा घोळ होतो. डिस्कवरचं सगळं बाहेर काढलं, लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट मारली, परत भरलं. रेड डेड पहिल्या झटक्यात उघडला. गेमची डिस्क एनटीएफएसमध्ये ठेवू नका, बस.

रेड डेड त्या डिस्कवर आणला कसा, तेही सांगतो. त्याचं वजन शंभर जीबीच्या वर. वस्तीवर मोबाइलचं हॉटस्पॉट, त्यावर हे उतरवायचं म्हणजे महिना गेला असता. स्टीममध्ये २०२३पासून एकाच नेटवर्कवरच्या दोन मशीनमध्ये गेम सरळ हलवायची सोय आहे. पोराने स्वतःच्या खात्यावर सेलमध्ये घेतलेले गेम मी दुकानातल्या विंडोज मशीनवर फायबरने उतरवले आणि केबलने त्याच्या लिनक्स मशीनमध्ये ढकलले. प्रोटॉन मूळ विंडोजच्याच फाईली वापरतो, म्हणून हे जमतं.

इथे एक बोलायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये निम्म्याहून जास्त वेळा गेम चोरीचे असतात, आणि विंडोजही. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पोरांकडे पैसे नसतात आणि बापाला कळत नाही की गेमला पैसे का द्यायचे. पण चोरीच्या गेमच्या फाईलीतून आलेला व्हायरस काढताना मी एका बाईंचे लग्नातले फोटो वाचवू शकलो नव्हतो, ते मला आठवतं. स्टीमवर २०१५पासून रुपयांत किमती आहेत, सेलमध्ये दोन-तीनशे रुपयांत चांगले गेम मिळतात, यूपीआयने पैसे जातात. लिनक्सवर गेलेली माझी बहुतेक पोरं आपोआप विकत घेऊन खेळायला लागली, कारण तिथे सरळ मार्ग हाच सगळ्यांत सोपा आहे. मी त्यांना पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम घ्यायला सांगतो. २०२०चा आहे, आपल्या मातीतल्या गोष्टीवर आहे आणि माझ्या मशीनवर प्रोटॉनमध्ये काही न करता चालला.

पहिले काही तास चित्र मध्येमध्ये थबकतं, हेही मी आधीच सांगून ठेवतो. गेममधली प्रकाश-सावलीची छोटी गणितं कार्डाच्या भाषेत उतरवली जात असतात. स्टीम ती आधीच तयार करून आणायचा प्रयत्न करतं, तरी थोडं राहतं. एकदा झालं की साठवलं जातं.

आता त्या दीड मार्काकडे येतो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही तो प्रोटॉन कमी पडतो म्हणून नव्हे. त्याच्यासोबत व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. बाकीचे पहारेकरी गेटवर उभे असतात. हा घराच्या आत, अगदी पायाजवळ, म्हणजे विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, मशीन सुरू होतानाच. खेळणाऱ्याने भिंतीपलीकडचं दाखवणारं किंवा आपोआप नेम धरणारं काही लावलंय का, ते तो तिथून पाहतो. लिनक्सचं कर्नल कुणालाही उघडून, बदलून, पुन्हा बांधता येतं. मग पहारेकऱ्याला प्रश्न पडतो: ज्या घराचा पायाच मालक रोज बदलू शकतो, तिथे मी कशावर विश्वास ठेवू? हा प्रश्न खोटा नाही. मी लिनक्सच्या बाजूचा माणूस आहे, तरी त्या कंपन्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांत मी नाही. चीटर आले की गेम मरतो, हे मीही पाहिलंय.

पण दुसरीही बाजू पाहा. जीटीएच्या ऑनलाइन भागाला सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय नावाचा पहारेकरी जोडला आणि तेव्हापासून तो लिनक्सवर बंद आहे. तेच बॅटलआय आर्मा ३ या गेममध्ये लिनक्सवर चालतं. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट हा तसाच दुसरा पहारेकरी, दोघांनीही २०२१मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडून ठेवलं, फक्त गेमच्या कंपनीने हो म्हणायचं. काही म्हणतात, काही म्हणत नाहीत, काही हो म्हणून परत नाही म्हणतात. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ला चीटिंगचं कारण देऊन बंद केला. लीग ऑफ लेजेंड्स वाइनमध्ये चालायचा, २०२४मध्ये त्याला व्हॅनगार्ड लागला आणि तोही गेला. म्हणजे आता बऱ्याच ठिकाणी चालवता येतं का हा प्रश्न संपलाय. चालवू देणार का, एवढाच उरलाय. आणि परवानगी आकड्याकडे पाहून मिळते.

आकडा असा आहे. स्टीमच्या दर महिन्याच्या पाहणीत लिनक्सवाले २०१८मध्ये टक्क्याच्याही खाली होते. २०२३च्या मध्यावर त्यांनी मॅकवाल्यांना मागे टाकलं. ऑक्टोबर २०२५मध्ये, विंडोज १० संपलं त्याच महिन्यात, त्यांनी पहिल्यांदा ३ टक्के ओलांडले. तीन टक्के ऐकून लोक हसतात. स्टीमने २०२१ साली महिन्याला १३ कोटींवर खेळणारे असल्याचं सांगितलं होतं, त्याचे तीन टक्के धरले तरी चाळीस लाखांच्या आसपास माणसं होतात. २०११च्या जनगणनेत आमच्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकांना दारातून परत पाठवणं रोज थोडं थोडं महाग होत जाणार, एवढं मला दुकानदार म्हणून कळतं.

तरी लिनक्स गेमिंग मुख्य प्रवाहात आलं, असं मी आज म्हणणार नाही. मुख्य प्रवाहाची माझी व्याख्या दुकानातली आहे. गिऱ्हाईक येतं, मशीन बघतं, किंमत विचारतं आणि घेऊन जातं. आत कुठली सिस्टिम आहे हे ते विचारतच नाही. विंडोज तसं आहे. अँड्रॉइड तसं आहे, आणि अँड्रॉइडच्या आतही लिनक्सचंच कर्नल आहे, हे माझ्या एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, असायची गरजही नाही. डेस्कटॉपवर लिनक्स अजून विचारून, समजावून, यादी तपासून द्यावं लागतं. स्टीम डेकने ती भिंत पहिल्यांदा फोडली. तो घेणाऱ्या कितीतरी लोकांना आपण लिनक्स घेतलं हे जाणवतही नाही. पण आपल्याकडे तो कंपनीकडून थेट मिळत नाही, बाहेरून आणलेला मिळतो, आणि त्या पैशांत इथे दोन पोरांची सेकंडहँड मशीनं होतात. २०२५मध्ये लेनोवोच्या एका हातातल्या मशीनवरही स्टीमओएस, म्हणजे डेकमधली व्हॉल्व्हची लिनक्स सिस्टिम, आलं. नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने नव्या स्टीम मशीनची घोषणा केली, दहा वर्षांपूर्वी पडलेलं तेच नाव घेऊन. मला त्या खोक्यापेक्षा त्याच्या परिणामात रस आहे. टीव्हीखाली ठेवलेल्या खोक्यात आपला गेम का नाही, हे कंपन्यांना घराघरांतून विचारलं गेलं, तर त्याचा फायदा तासगावच्या वस्तीवरच्या आरएक्स ५८०ला मिळेल.

याच नोव्हेंबरात दुसरा एक मुलगा आला होता, मिरजेचा. यादीत एकच नाव, व्हॅलोरंट. पाच मित्रांची टीम आहे, कोल्हापूरला स्पर्धेला जातात, रोज रात्री नऊ ते बारा सराव. मशीन चौथ्या पिढीचं. त्याला मी लिनक्सचं नावही सुचवलं नाही. आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचं सेकंडहँड मशीन जुळवून दिलं, टीपीएम आणि सिक्युअर बूट समोर चालू करून दाखवलं. त्याचं जुनं मशीन मी ठेवून घेतलं. त्यात आता मिंट आहे आणि ते माझ्या बहिणीच्या शाळेत प्रश्नपत्रिका छापायला लागलंय. लिनक्सवर प्रेम आहे म्हणून त्या पोराच्या टीममधून त्याची जागा घालवायचा मला काय अधिकार?

काही लोक म्हणतात, असा कर्नलमध्ये बसणारा पहारेकरी मुळात कुणी मशीनमध्ये घेऊच नये. मलाही तो नको वाटतो. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा कंपनीचं कर्नलमध्ये चालणारं सॉफ्टवेअर चुकलं आणि जगभरची विमानतळं, बँका निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा इतक्या आत इतक्या जणांना जागा द्यावी का, हा विचार खुद्द मायक्रोसॉफ्टमध्येही सुरू झाला. सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर यावं यासाठी त्यांनी पावलं टाकायला सुरुवात केली आहे. पहारेकरी विंडोजवरच गेटपाशी आला, तर लिनक्सच्या गेटवर त्याला उभं करणं फार अवघड राहणार नाही. माझी सगळी आशा त्या बाजूला आहे, प्रोटॉनच्या बाजूचं काम जवळजवळ झालंय.

जानेवारीत तासगावचा मुलगा एकटाच आला. मोठी एसएसडी हवी होती, विचर पूर्ण झाला म्हणाला. मशीनचं विचारलं तर काही तक्रार नव्हती. घरी वडील त्याच मशीनवर सातबारा बघतात, बाजारभाव बघतात, प्रिंटर केबल लावल्याबरोबर चालला. बहिणीचं स्टारड्यूमधलं शेत बापाच्या शेतापेक्षा मोठं झालंय. मित्र व्हॅलोरंट खेळतात तेव्हा काय करतोस, असं विचारलं. शनिवारी मित्राकडे जाऊन खेळतो आणि इतर दिवशी चौघांना काउंटर-स्ट्राइकवर ओढलंय, म्हणाला. हे सांगताना आवाज थोडा खाली गेला. मी त्यावर काही बोललो नाही.

एसएसडी लावेपर्यंत त्याने वही मागून घेतली आणि आपलं जुनं पान काढलं. चालणाऱ्या गेमपुढे पेनने टिक केल्या. जीटीएपुढे अर्धी. व्हॅलोरंटपुढे फुली मारायला मी पेन घेतलं, तर म्हणाला, "काका, तिथं काही करू नका. मोकळंच ठेवा."